फुकट घर मिळतंय, मग भांडण कसलं?

मागे गावी गेलो होतो, साताऱ्याकडे, तेव्हा जेवताना चुलतभावाने विषय काढला. धारावीचं काहीतरी त्याने मोबाईलवर बघितलं होतं, झोपडपट्टी पाडून घरं द्यायच्या योजनेच्या सर्व्हेवाल्यांना लोक गल्लीत शिरू देत नाहीयेत असं, आणि दादाचं म्हणणं सरळ होतं की अरे मुंबईत फुकट घर देतायत, आम्हाला इथं एका घरकुलासाठी चार वर्षं चपला झिजवाव्या लागल्या आणि तुम्ही लोक नको म्हणता, माजलाय का? मी भाकरी मोडत मोडत दहा मिनिटं समजावत होतो, त्याला ओ की ठो कळलं नाही, कारण मी मधूनच सुरुवात केलेली. म्हणून आता पहिल्यापासून लिहितो.

मी कोण ते आधी सांगतो म्हणजे मग कुठल्या बाजूने बोलतोय ते कळेल. पूर्व उपनगरात टेकडीच्या उतारावर एक वस्ती होती तिथे वाढलो, दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, कोपऱ्यात मोरी, पाणी पहाटे साडेचारला. आता त्याच जागेवरच्या बिल्डिंगीत बाराव्या मजल्यावर आईसोबत राहतो. म्हणजे मला घर मिळालंय, ज्यांचं भलं झालं त्यांच्यातला मी आहे. वस्तीचं आणि बिल्डरचं नाव घेत नाही, काही जणांच्या केसेस अजून चालू आहेत.

तर पहिली गोष्ट, घर फुकट म्हणजे पैसे कोणाचे? सरकारचे नाहीत, हे आधी डोक्यात बसवा. झोपडपट्टी ज्या जमिनीवर आहे तिच्या एका तुकड्यावर बिल्डर आपल्याला उंच बिल्डिंग बांधून देतो आणि उरलेल्या तुकड्यावर विकायचे टॉवर बांधतो, त्या टॉवरच्या पैशातून आपल्या बिल्डिंगीचा खर्च निघतो आणि वर त्याचा नफा. हे जमावं म्हणून सरकार त्याला जास्तीचा एफएसआय देतं. एफएसआय म्हणजे काय तर समजा हजार चौरस मीटरचा प्लॉट आहे आणि एफएसआय १ आहे, तर सगळे मजले मिळून हजार चौरस मीटर बांधता येतं. ४ असेल तर चार हजार. झोपडपट्टीच्या योजनेला आत्ताच्या नियमावलीत ४ किंवा त्याहून जास्त मिळतो, आणि आपल्यासाठी जितकं बांधणार त्याच्या प्रमाणात विक्रीचं बांधायला मिळतं. थोडक्यात आपण त्या धंद्यातला कच्चा माल आहोत. हे टोमणा म्हणून नाही लिहिलं, गणितच तसं आहे, आणि एकदा हे गणित कळलं की पुढचं निम्मं आपोआप कळतं.

म्हणजे बघा, जिथे फ्लॅटला भाव नाही तिथल्या वस्तीकडे कोणी ढुंकून बघत नाही आणि जिथे भाव आहे, वांद्रे, खार, अंधेरी, तिथे एकाच वस्तीत तीन तीन बिल्डर रहिवाशांच्या तीन तीन कमिट्या उभ्या करतात. आपली बिल्डिंग जेवढ्या कमी जागेत उभी राहील तेवढी विक्रीला जागा मोकळी, म्हणून आपल्याला कोपऱ्यात उभं कोंबायचं. आणि फ्लॅटचं मार्केट पडलं की बिल्डर काम थांबवतो, मग खोली सोडून गेलेली माणसं लटकतात. यात कोणी व्हिलन असायलाच पाहिजे असं नाही, गणित बिघडलं की असंच होतं.

हे कायम असं नव्हतं. सरकारने १९७१ मध्ये झोपडपट्टीचा कायदा केला, १९७६ मध्ये झोपड्यांची मोजणी झाली आणि लोकांना फोटोपास मिळाले, म्हणजे मोजलेल्या झोपडीचं फोटो लावलेलं ओळखपत्र. तेव्हा धोरण साधारण असं की वस्ती आहे तिथे राहू दे, नळ द्या, संडास द्या, गटार बांधा. आईच्या डब्यात आजोबांचा तो फोटोपास अजून आहे, फोटोत ते असे बघतायत जसं काय गुन्हा केलाय. पण त्याच काळात तोडातोडीही चालूच होती. १९८१ च्या पावसाळ्यात फुटपाथवरच्या लोकांना उचलून शहराबाहेर काढायला घेतलं, त्यावरून पत्रकार ओल्गा टेलिस आणि फुटपाथवर राहणारी माणसं सुप्रीम कोर्टात गेली आणि १९८५ चा तो प्रसिद्ध निकाल आला. हा निकाल लोक अर्धाच सांगतात. कोर्ट म्हणालं की जगण्याच्या हक्कात पोट भरायचा हक्क येतो, हे खरंय आणि मोठं आहे. पण त्याच निकालात कोर्टाने हेही सांगितलं की रीतसर नोटीस देऊन हटवता येईल, फक्त पावसाळा संपल्यावर. म्हणजे तत्त्व जिंकलं आणि झोपड्या गेल्या, वकील लोक पहिलं वाक्य कोट करतात, तोडायला येणारे दुसरं.

मग १९९५ आलं. ४० लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरं अशी घोषणा झाली, शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं आणि त्याच वर्षी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण म्हणजे एसआरए स्थापन झालं. पेपरवाले त्याला 'झोपु योजना' लिहितात, आम्ही लहानपणी हसायचो, झोपू या म्हणून. तेव्हा घर ठरलं २२५ चौरस फुटांचं, मग २६९ झालं, आता ३०० आहे. तेव्हापासून मामला सरकार आणि वस्ती असा राहिला नाही, बिल्डर आणि वस्ती असा झाला आणि सरकार मध्ये शिक्के मारायला.

आता खरा मुद्दा, ज्यात दादा अडकला होता. त्याला वाटतं की घर पाहिजे का नको यावर भांडण आहे. घर कोणाला नकोय? गुडघाभर पाण्यात रात्र काढलेल्या माणसाला विचारा. भांडण असतं यादीवर.

त्या यादीला परिशिष्ट दोन म्हणतात. जमीन ज्याची, म्हणजे पालिकेची किंवा कलेक्टरची किंवा म्हाडाची (सरकारचं घरं बांधणारं मंडळ), ते ऑफिस ही यादी करतं. तुमच्या खोलीला नंबर पडतो, समोर नाव, आणि शेवटच्या रकान्यात एक शब्द, पात्र किंवा अपात्र. बास. त्या एका शब्दावर तुमचं पुढचं आयुष्य. पात्र कोण तर ठरलेल्या तारखेच्या आधीपासून तिथे राहतो हे कागदावर दाखवू शकेल तो. ही तारीख आधी १ जानेवारी १९९५ होती, नंतर १ जानेवारी २००० झाली, आणि त्यापुढे १ जानेवारी २०११ पर्यंतच्या लोकांना घर मिळतं पण अडीच लाख भरून. तारीख पुढे सरकायची वेळ साधारण निवडणुकीच्या आसपासच कशी येते ते तुम्हीच बघा.

कागद कुठले तर मतदार यादीत नाव, लाईटबिल, रेशनकार्ड, फोटोपास, सर्व्हेची पावती. ऐकायला सोपं आहे. पण लाईटचं मीटर शेजाऱ्याच्या नावावर असतं, कारण त्याच्याकडून सबमीटर घेतलेला. रेशनकार्ड गावचं. मतदार यादीत बाईचं नाव माहेरच्या आडनावाने, खोली नवऱ्याच्या नावावर, नवरा वारलेला. एका पावसाळ्यात पिशवी भिजली की पंचवीस वर्षं राहिलेला माणूस कागदावर काल आलेला ठरतो. आणि ज्याने मधे खोली विकत घेतली, स्टॅम्प पेपरवर, नोटरी करून, त्याचं तर विचारूच नका, तो हस्तांतरण सिद्ध करत फिरतो. भाड्याने राहणाऱ्याचं नाव तर यादीत बहुतेक वेळा येतच नाही, कितीही वर्षं राहिलेला असो.

आमच्याकडे सर्व्हे २००६ ला झाला. दोन पोरं आली, एकाच्या हातात टेप, एकाच्या हातात फॉर्म, मागे कमिटीचा एक माणूस. दारावर लाल रंगाने नंबर टाकला, आमचा ११४. आईने बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातले सगळे कागद चटईवर मांडून ठेवलेले सकाळपासून, कोणी पाय देईल म्हणून मला बाजूला बसवलेलं. आमच्या खोलीला पोटमाळा होता, लोखंडी शिडीने वर जायचं, तिथे काका काकी आणि त्यांची दोन पोरं राहायची, तेव्हा अकरा वर्षं झाली होती त्यांना. फॉर्मवाल्याने मान वर करून विचारलं, वर कोण राहतं? कमिटीचा माणूस पप्पांच्या कानात म्हणाला की सामान सांगा, वरचं काही धरत नाहीत, उगाच दोन कुटुंबं लिहिली तर तुमचंही अडकेल. आणि पप्पा म्हणाले, सामान ठेवतो. काकी वरच होती. खाली वाकून बघत होती ती, मला तिची वेणी खाली लटकलेली दिसत होती. कोणी काही बोललं नाही, फॉर्मवाल्याने रेघ मारली आणि पुढच्या खोलीकडे गेला.

नियम तसा खराच होता, एक झोपडी एक घर, माळ्याला वेगळं नाही. म्हणजे पप्पांनी खरं सांगितलं असतं तरी काकीला घर मिळालं नसतं. पण निदान कागदावर ती राहत होती असं तरी आलं असतं. काकी आता नालासोपाऱ्याला भाड्याने राहते. सर्व्हेच्या हिशोबात ती विस्थापित नाहीच, कारण सर्व्हेच्या हिशोबात ती आमच्याकडे राहतच नव्हती. विस्थापनाचा सरकारी आकडा कुठेही वाचलात तर ही वेणी आठवा, आकड्यात माळे नसतात.

असो. यादीनंतर येते संमती. आधी योजनेला ७० टक्के पात्र लोकांची सही लागायची, आता ५१ वर आणलीय. कारण दिलं की मूठभर लोक योजना अडवतात, आणि खरं सांगायचं तर अडवायचे पण, आमच्याकडेच एक जण दोन खोल्या जास्तीच्या मागत बसला होता आणि वर तत्त्वाच्या गोष्टी करायचा. पण ५१ टक्क्यांचा अर्थ असाही होतो की शंभरातले एकोणपन्नास नको म्हणत असतील तरी त्यांच्या खोल्या तोडता येतात, कायद्यात नोटीस देऊन पोलीस घेऊन काढायची तरतूद आहे. आणि सह्या कशा घेतात ते ज्यांनी बघितलंय त्यांना माहिती आहे. गणपतीत मंडळाला देणगी, कोणाच्या मुलीच्या लग्नाला मदत, कोऱ्या कागदावर अंगठा, मेलेल्या माणसाची सही, आमच्याकडे एका आजोबांनी वारल्यानंतर दोन वर्षांनी संमती दिली होती. बिल्डरला विचारलं तर म्हणाला क्लेरिकल मिस्टेक.

काही ठिकाणी तर संमतीची भानगडच ठेवली नव्हती. खार पूर्वेला गोळीबारची वस्ती आहे, तिथे कायद्यातलं ३ के नावाचं कलम वापरलं, त्यात सरकार थेट एका बिल्डरला मोठा भाग देऊ शकतं. लोक तोडकामासमोर उभे राहिले, मे २०११ मध्ये मेधा पाटकर तिथे नऊ दिवस उपोषणाला बसल्या आणि चौकशीचं आश्वासन घेऊन उठल्या. 'घर बचाओ घर बनाओ' हे आंदोलनाचं नावच बघा ना, दुसरा अर्धा भाग सगळे विसरतात. तिथल्या लोकांचं म्हणणं असं नव्हतं की आम्हाला पत्र्यातच राहू द्या, त्यांचं म्हणणं होतं की आम्ही आमची सोसायटी करून स्वतः बांधतो, नाहीतर निदान कोण बांधणार ते आम्ही ठरवतो.

मग येतं भाडं. खोली तोडली की बिल्डिंग होईपर्यंत एकतर ट्रान्झिट कॅम्प, म्हणजे तात्पुरती खोली, नाहीतर महिन्याचं भाडं. आम्ही २००९ ला खोली सोडली, बिल्डर म्हणाला तीन वर्षं. चावी मिळाली २०१९ ला. मधे चौदा महिने चेक आले नाहीत, एकदा आला तो बाऊन्स झाला आणि बँकेने वर आमचेच पैसे कापले. दहा वर्षांत चार घरं बदलली, माझ्या दोन शाळा बदलल्या, पप्पा मधेच गेले, त्यांनी बिल्डिंग बघितली ती फक्त चौथ्या स्लॅबपर्यंत. आता नियम कडक केलेत, २०२३ पासून बिल्डरला दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा करावं लागतं आणि पुढच्याचे चेक आधीच द्यावे लागतात. चांगलंय, पण हा नियम यायला एसआरएला अठ्ठावीस वर्षं लागली.

आमचं दहा वर्षांचं ऐकून कोणाला वाटेल आमचाच बिल्डर वाईट निघाला. नाही हो. बोरिवलीच्या एका सोसायटीची केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, तिथली योजना २००३ पासून रखडलेली. जुलै २०२४ मध्ये कोर्टाने बिल्डरला काढल्याचा निर्णय कायम ठेवला आणि पुढे जाऊन सांगितलं की या झोपडपट्टी कायद्याचं कामकाज नीट चाललंय का ते हायकोर्टाने तपासावं, कारण या कायद्याखाली हायकोर्टात १,६१२ केसेस पडून होत्या. इतकी भांडणं एका कायद्यात असतील तर दोष फक्त भांडणाऱ्यांचा नसणार एवढं तर कोणालाही कळेल.

चला, चावी मिळाली. मग सुखी का? अर्धे. संडास घरात आहे ही गोष्ट ज्यांनी लाईन लावलीय त्यांनाच कळते, आई पहिल्या रात्री तीनदा उठून लाईट लावून बघून आली. पण बिल्डिंगी इतक्या जवळ की समोरच्या घरात कुकरची शिट्टी झाली की आमची आई गॅस बंद करायला उठते. वाचून गंमत वाटेल, पण नियमच असा आहे की हेक्टरी किमान ६५० घरं बसली पाहिजेत. किमान! जास्तीत जास्त किती ते कोणी सांगत नाही. गोवंडी मानखुर्दकडे लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसनाच्या वसाहती आहेत, तिथे डॉक्टरांच्या एका संस्थेने अभ्यास केला, २०१८ मध्ये तो बाहेर आला, त्यात खालच्या मजल्यांवर ऊन आणि हवा न पोचणं आणि टीबी यांचा संबंध दाखवला. झोपडपट्टीतून काढून पक्क्या घरात ठेवलं आणि छातीचा आजार तिथेच लागला.

आणि कामाचं काय? आई उंबऱ्यावर बसून कपड्यांचे धागे कापायची, जुन्या वस्तीत दुपारी अख्खी गल्ली हेच करायची, माल देणारा माणूस एका फेरीत वीस घरांना गठ्ठे टाकून जायचा. बाराव्या मजल्यावर तो येत नाही. कॉरिडॉरमध्ये भर दुपारी लाईट लावावी लागते आणि तिथे बसलं की कमिटी नोटीस चिकटवते. म्हणजे मिळकत गेली आणि मेंटेनन्स, लिफ्ट, पंपाचं बिल सुरू झालं. मग काही लोक खोली भाड्याने देऊन किंवा गुपचूप विकून परत कुठल्या तरी पत्र्यात जातात आणि पेपरात येतं की बघा, फुकट घरं विकून खातात.

सगळ्यात वाईट उदाहरण माहुलचं. तानसाच्या पाइपलाइनच्या कडेला राहणाऱ्यांना कोर्टाच्या आदेशाने हटवलं, पाण्याची लाइन सुरक्षित राहावी म्हणून, ते समजू शकतो. पण त्यांना घरं दिली माहुलला, रिफायनऱ्या आणि केमिकल कंपन्यांच्या शेजारी. २०१५ मध्येच हरित लवादाने तिथली हवा तब्येतीला धोक्याची म्हटलं होतं. लोकांना खोकला, कातडीचे आजार, मग २०१८ च्या ऑक्टोबरपासून ते विद्याविहारला फुटपाथवर जाऊन बसले, पक्क्या बिल्डिंगी सोडून फुटपाथवर, हे दादाला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा त्याचा घास थांबला. शेवटी सप्टेंबर २०१९ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की तिथे कोणाला पाठवू नका आणि ज्यांना पाठवलंय त्यांना पर्यायी घर नाहीतर महिना १५,००० रुपये भाडं द्या.

आता धारावी, जिथून दादाने सुरुवात केली होती. प्लॅन २००४ पासून चाललाय, टेंडर निघालं, रद्द झालं, २०१८-१९ मध्ये दुबईच्या एका कंपनीने ७,२०० कोटींची बोली जिंकली तीही रद्द झाली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये अदानींची ५,०६९ कोटींची बोली पहिली आली. आता एक कंपनी केलीय, त्यात ८० टक्के अदानी आणि २० टक्के राज्य सरकार. इथे रहिवाशांची संमती लागत नाही, कारण सरकारनेच काढलेला खास प्रकल्प आहे. मार्च २०२४ ला कमला रमण नगरमधून सर्व्हे सुरू झाला.

यादी इथे पण तीच, फक्त मोठी. २००० च्या आधीचे तळमजल्यावाले असतील त्यांना धारावीतच ३५० चौरस फूट. २००० ते २०११ वाल्यांना अडीच लाखात ३०० चौरस फूट, पण धारावीच्या बाहेर. त्यानंतरचे आणि माळ्यावरचे, १५ नोव्हेंबर २०२२ पर्यंतचे, त्यांनाही बाहेर आणि भाड्याने, नंतर हप्त्याने विकत घ्यायची सोय. माळ्यावरच्याला निदान मोजलं तरी, आमच्या काकीपेक्षा बरं, हे मान्य करायला पाहिजे. पण बाहेर म्हणजे कुठे? मुलुंड, भांडुप, कांजूरची २५६ एकर मिठागराची जमीन, कुर्ल्याची डेअरीची जमीन, देवनारची डम्पिंगची १२४ एकर. डम्पिंग ग्राउंड! आता सांगा, धारावीच्या कुंभारवाड्यातला माणूस घरात राहतो, दारात चाक फिरवतो आणि अंगणात भट्टी लावतो, हे सगळं एकाच जागी आहे म्हणून धंदा चालतो. तिथल्याच तेरा कंपाउंड नावाच्या भागात प्लॅस्टिक वेचणारा, तोडणारा, धुणारा, वितळवणारा हे सगळे हाकेच्या अंतरावर. त्यातला तोडणारा पात्र आणि धुणारा अपात्र ठरून मुलुंडला गेला तर साखळीच तुटते, दोघंही बसतात. गंमत म्हणजे मुलुंडचे सोसायटीवाले पण रस्त्यावर उतरलेत, आम्हाला हे लोक नकोत म्हणून. म्हणजे धारावीत नको, मुलुंडमध्ये नको, आणि सकाळी घरकामाला, रिक्षाला, डिलिव्हरीला मात्र वेळेवर पाहिजेत.

म्हणून सर्व्हेला अडवतात. माणूस मोजू देत नाही तेव्हा त्याला माहीत असतं की मोजणीच्या शेवटच्या रकान्यात काय लिहिणार आहेत. धारावीत विरोध करणारे सगळे एक आहेत असंही नाही, काहींची मागणी ५०० चौरस फुटांची आहे, काहींची सगळ्यांना धारावीतच द्या अशी, आणि बरेच जण गप्प आहेत ज्यांना मनातून वाटतं लवकर होऊन जाऊ दे. डिसेंबर २०२३ ला उद्धव ठाकऱ्यांनी मोठा मोर्चा काढला बीकेसीपर्यंत, राजकारण त्यात होतंच, पण चालणाऱ्यांत अशा बायका पण होत्या ज्यांना कुठल्या पक्षाशी घेणंदेणं नसेल, लाईटबिल मात्र पर्समध्ये असेल.

५०० चा आकडा येतो कुठून ते सांगतो. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गच्या बीडीडी चाळी, म्हणजे सरकारी भाड्याच्या चाळी, शंभर वर्षांच्या, १६० चौरस फुटांच्या खोल्या. तिथे म्हाडा स्वतः बांधतंय आणि ५०० चौरस फूट देतंय, वरळीत १४ ऑगस्ट २०२५ ला पहिल्या ५५६ जणांना चाव्या मिळाल्या. तिथेही लोक भांडले, आधी करार करा मग खोली सोडतो म्हणाले, वर्षानुवर्षं अडले, आणि त्या अडण्याचा फायदा झाला. मग धारावीवाला विचारतो, त्यांना ५०० मला ३५०? उत्तर एकच, ते कागदावर भाडेकरू आहेत आणि आम्ही कागदावर अतिक्रमण. आजोबा दोघांचेही गिरणीतच होते.

विरोधात फूट पण पडते, ते लपवायला नको. आमच्याकडे सगळ्यात मोठ्याने अपात्रांवर कोण ओरडायचं तर पात्र. तुमच्यामुळे आमचं अडलंय म्हणायचे, ज्यांच्या पोरांसोबत आमची पोरं खेळायची. यादी लागली की वस्ती तिथेच दोन होते, बिल्डरला काही करावं लागत नाही. मी पण त्यात होतो, बारावीला होतो, क्लासची फी थांबली होती भाड्यापायी, मला वाटायचं जाऊ दे ना ती माणसं एकदाची.

दादाला हे सगळं सांगून झाल्यावर त्याने एकच विचारलं, मग करायचं काय? मी काही नेता नाही पण जे आम्हाला उशिरा कळलं ते सांगतो. कोणाच्या वस्तीत सर्व्हे लागणार असेल तर कागद आत्ताच काढा, जुन्या मतदार यादीचा उतारा निवडणूक ऑफिसातून मिळतो, सहीशिक्क्याचा घ्या. कोऱ्या कागदावर सही नाही म्हणजे नाही, मग कमिटीत सख्खा मामा असू दे. परिशिष्ट दोनचा मसुदा लागला की स्वतः जाऊन स्वतःचा नंबर बघा, नावाचं स्पेलिंग पण, हरकत घ्यायला मुदत असते आणि ती कोणी सांगायला येत नाही. अपात्र लागलात तर अपील करता येतं, लोक रडत घरी बसतात आणि मुदत जाते. बिल्डरसोबतच्या करारात भाडं किती, कधीपर्यंत, उशीर झाला तर काय, हे लिहून घ्या आणि त्याची कॉपी कमिटीकडे नाही, तुमच्याकडे पाहिजे. कुठेही अर्ज दिला तर दुसऱ्या कॉपीवर पोच घ्या, तारखेचा शिक्का मारून. आणि पोटमाळ्यावर कोण राहतं असं विचारलं तर नावं सांगा, चारही.